विश्लेषण : आराखडा सर्वांना खुला, मग कमाई कशातून? ‘ओपन सोर्स हार्डवेअर’चे अर्थकारण काय आहे?

नाशिकच्या २०१५ च्या सिंहस्थात गर्दी मोजणारी एक चटई वापरली गेली. तिचा आराखडा पुढे सर्वांसाठी खुला करण्यात आला. आता पुढचा सिंहस्थ जवळ आला आहे आणि ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी त्याचे ध्वजारोहण आहे. खुला आराखडा फुकट मिळतो, पण त्यावरून उपकरण बनवणे, तपासणे आणि वर्षानुवर्षे चालू ठेवणे फुकट होत नाही. तो खर्च कोण उचलतो आणि अशा कामावर कोणाचे घर चालते का, याचा हा आढावा.

नाशिकच्या चटईची गोष्ट काय?

२७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकमध्ये शाही स्नानाच्या दिवशी झालेल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविकांचा मृत्यू झाला. पुढचा कुंभ २०१५ मध्ये होता. त्याच्या तयारीत २०१४ पासून ‘कुंभथॉन’ हा उपक्रम शहरात सुरू झाला. मूळचे नाशिकचे आणि अमेरिकेतील एमआयटी मीडिया लॅबमध्ये प्राध्यापक असलेले रमेश रासकर हे त्यामागचे प्रमुख नाव. विद्यार्थी, डॉक्टर, उद्योजक आणि सरकारी अधिकारी यांना एकत्र बसवून कुंभाच्या अडचणींवर उपाय शोधायचे, असे त्याचे स्वरूप होते.

त्यातून निघालेल्या प्रकल्पांपैकी ‘आशिओटो’ बराच गाजला. जपानी भाषेत या शब्दाचा अर्थ पावलांचा आवाज. निलय कुलकर्णी या नाशिकच्या शाळकरी मुलाचा हा प्रकल्प. दाब ओळखणारे सेन्सर बसवलेली चटई वाटेवर अंथरायची, तिच्यावरून जाणारी पावले मोजायची आणि कोणत्या ठिकाणी किती वेगाने लोक येत आहेत हे यंत्रणेला कळवायचे, ही त्यामागची कल्पना. कुलकर्णी यांनी नंतर ‘टेड’च्या व्यासपीठावर सांगितल्यानुसार कुंभात १८ तासांत सुमारे पाच लाख लोक या पद्धतीने मोजले गेले. तो कुंभ चेंगराचेंगरीविना पार पडला. त्याचे सारे श्रेय एका चटईला देणे अतिशयोक्तीचे ठरेल, कारण पोलिसांचे नियोजन, बदललेले मार्ग आणि वाढवलेले घाट यांचा वाटा मोठा होता. तरी शाळकरी वयातल्या मुलाचे उपकरण प्रत्यक्ष मेळ्यात उतरले, ही साधी गोष्ट नव्हे. त्याच भाषणात हे संशोधन आता जगासाठी खुले असल्याचे कुलकर्णी यांनी सांगितले.

अर्थकारणाचा प्रश्न येथूनच सुरू होतो. नाशिकला कुंभ बारा वर्षांनी येतो. मधल्या काळात झिजलेले सेन्सर बदलायला, जुना कोड नव्या मोबाइलवर चालता ठेवायला किंवा तीच चटई पंढरीच्या वारीसाठी, सप्तशृंगी गडाच्या यात्रेसाठी जुळवून घ्यायला पगारी माणूस लागतो. आराखडा इंटरनेटवर असला म्हणजे उपकरण हाताशी आहे असे होत नाही.

हा प्रश्न एका चटईपुरता नाही. अशोकस्तंभापासून निघणाऱ्या गंगापूर रोडवर केटीएचएम कॉलेज आहे, थोडे पुढे उदोजी मराठा बोर्डिंगच्या आवारात मराठा विद्या प्रसारक समाजाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि रस्ता धरणाकडे जाऊ लागला की यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ लागते. या पट्ट्यात दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट जमा होतात. ठिबकचा व्हॉल्व्ह आपोआप उघडणारा बोर्ड, मातीतला ओलावा सांगणारी काडी, टाकी भरली की वाजणारा भोंगा. बहुतेकांच्या पोटात आर्डुइनो किंवा ईएसपी-३२ असतो, म्हणजे पाया कोणीतरी खुला केलेला असतो. तोंडी परीक्षा झाली की यातले बहुतेक कपाटात जातात. काही तर कपाटातूनच आलेले असतात. तयार प्रोजेक्ट विकणारी दुकाने राज्यातल्या प्रत्येक कॉलेजबहुल भागात आहेत आणि खुल्या आराखड्यांवर नियमित कमाई करणारा हा बहुधा सर्वांत जुना स्थानिक धंदा आहे. त्याचा उल्लेख कोणत्याही नवोपक्रम अहवालात सापडत नाही, इतकेच.

‘ओपन सोर्स हार्डवेअर’ म्हणजे नेमके काय?

एखाद्या उपकरणाची सर्किट आकृती, पीसीबीची मांडणी, सुट्या भागांची यादी आणि त्यात चालणारा कोड हे सारे इतके खुले असले पाहिजे की दुसऱ्याने ते वाचून वस्तू बनवावी, बदलावी आणि विकावी. यातला ‘विकावी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ‘बघा, पण धंदा करू नका’ अशी अट घातली की ते या व्याख्येत बसत नाही. ओपन सोर्स हार्डवेअर असोसिएशन ही संस्था २०१६ पासून अशा उपकरणांना प्रमाणपत्र देते. युरोपातील ‘सर्न’ या अणुसंशोधन संस्थेने २०११ मध्ये हार्डवेअरसाठी खास परवाना तयार केला आणि २०२० मध्ये त्याची दुसरी आवृत्ती काढली.

खास परवाना का लागला? सॉफ्टवेअरचा कोड हे लेखन मानले जाते, त्याला स्वामित्वहक्क आपोआप लागू होतो आणि त्या हक्काच्या आधारे परवान्याच्या अटी पाळायला लावता येतात. सर्किटच्या रेखाचित्राला स्वामित्वहक्क आहे, पण त्या चित्रावरून बनवलेल्या चालत्या वस्तूला तो सहसा नाही. वस्तूसाठी पेटंट घ्यावे लागते, त्याची मुदत २० वर्षे आणि खर्च मोठा. शिवाय आराखडा एकदा जाहीर केला की नावीन्य संपते आणि मग तो करणाऱ्यालाही पेटंट मिळवणे अवघड होते. याची दुसरी बाजू अशी की जाहीर झालेल्या आराखड्यावर दुसऱ्या कोणालाही पेटंट मिळू नये, अशी कायद्याची अपेक्षा असते. थोडक्यात, खुले करणे हा माघारी न फिरणारा निर्णय आहे आणि कमाईची वाट त्याआधी ठरवावी लागते. बहुतेक जण ती नंतर शोधू लागतात.

एक गैरसमज दूर करायला हवा. शाळा-कॉलेजांत लोकप्रिय असलेला रास्पबेरी पाय हा पूर्णपणे खुला हार्डवेअर नाही. त्यावरचे सॉफ्टवेअर बरेचसे खुले आहे, बोर्ड नाही. तो बनवणारी कंपनी जून २०२४ मध्ये लंडनच्या शेअर बाजारात नोंदली गेली.

सॉफ्टवेअरपेक्षा हे अवघड का?

कोडची हजारावी प्रत काढायला काहीच खर्च येत नाही, बोर्डाच्या हजाराव्या नगाला जवळपास पहिल्याइतकाच माल लागतो. उदाहरणादाखल एक हिशेब मांडून पाहता येईल. द्राक्षबागेसाठी हवामान मोजणारा छोटा बोर्ड आहे असे मानू. सुटे भाग ६०० रुपये, जोडणी आणि तपासणी १५० रुपये, डबी, वायर आणि पॅकिंग १०० रुपये, खराब निघालेले आणि परत आलेले नग भरून काढायला ५० रुपये. एकूण ९०० रुपये. बनवणाऱ्याला जागेचे भाडे, पगार आणि पुढच्या मालाची गुंतवणूक भागवायची तर तो दुकानदाराला १,५०० रुपयांना द्यावा लागतो. दुकानदार विक्री किमतीत ३० टक्के ठेवतो, म्हणजे किंमत सुमारे २,१४० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी. शेतकऱ्याच्या हाती तो अडीच हजारांना पडतो. सहाशेच्या मालाचे अडीच हजार झालेले पाहून ग्राहकाला लूट वाटते, बनवणाऱ्याच्या हाती मात्र फार काही उरलेले नसते.

आता तोच आराखडा उतरवून घेणारा दुसरा कोणी हिशेबात आणा. त्याने दोन वर्षे प्रयोगात घालवलेली नाहीत, जळालेले नमुने फेकलेले नाहीत, माहितीपुस्तिका लिहिलेली नाही, ग्राहकाच्या फोनला उत्तर देण्याची जबाबदारी घेतलेली नाही. तो बाराशे रुपयांत विकू शकतो आणि परवान्यानुसार यात काहीही गैर नाही.

याशिवाय भारतात कागदपत्रांचा खर्च वेगळा. वायफाय किंवा ब्लूटूथ असलेल्या उपकरणाला दूरसंचार विभागाच्या वायरलेस शाखेची मान्यता लागते. लिथियम बॅटरी आणि चार्जर यांना भारतीय मानक ब्युरोची सक्तीची नोंदणी आहे. मान्यता असलेले तयार मॉड्यूल आणि नोंदणीकृत अॅडॉप्टर वापरून यातला काही भाग टाळता येतो आणि छोटे उत्पादक तेच करतात. पण आराखड्यासोबत प्रमाणपत्र वाटता येत नाही. प्रत्येक उत्पादकाला ते स्वतःचे घ्यावे लागते.

आर्डुइनोने पैसा कसा मिळवला?

या क्षेत्रातले सर्वांत मोठे उदाहरण इटलीतले. इव्रेया या गावातील डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेत २००५ मध्ये आर्डुइनो जन्माला आला आणि त्याला गावातल्या एका बारचे नाव मिळाले. त्याचा पाया एर्नांदो बारागान या कोलंबियाच्या विद्यार्थ्याने पदव्युत्तर प्रबंधासाठी केलेल्या ‘वायरिंग’ या कामात होता. नाव आणि पैसा मात्र पुढच्यांच्या वाट्याला आला. खुलेपणाच्या कथेत हा भाग सहसा सांगितला जात नाही.

आर्डुइनोच्या बोर्डाच्या फायली कोणीही वापराव्यात, बदल केले तर तेही खुले ठेवावेत, अशी मोकळीक होती. राखून ठेवले ते फक्त नाव. ‘आर्डुइनो’ हा नोंदणीकृत ट्रेडमार्क आहे. त्यामुळे चीनमधला कारखाना हुबेहूब बोर्ड बनवून विकू शकतो, त्यावर ‘आर्डुइनो’ छापू शकत नाही. नाशिकच्या किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानात मूळ ऊनो बोर्ड दोन हजारांच्या आसपास आणि प्रतिकृती तीन-चारशे रुपयांत मिळते, ती याच व्यवस्थेमुळे. संस्थापकांमध्ये फूट पडली तेव्हा २०१५ मध्ये दोन कंपन्या भांडल्या त्याही नावावरून. आराखडा दोघांकडे होताच. हा वाद २०१६ मध्ये मिटला.

शाळांसाठी संच, उद्योगांसाठी महाग बोर्ड आणि क्लाउड सेवेची वर्गणी हे कंपनीचे पुढचे मार्ग होते. तेवढ्यावर भागले नाही. २०२२ मध्ये बॉश, रेनेसास, आर्म अशा कंपन्यांसह गुंतवणूकदारांकडून ३.२ कोटी डॉलर घेतले गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये मोबाइल चिप बनवणाऱ्या क्वालकॉमने आर्डुइनो विकत घेण्याचा करार जाहीर केला, तेव्हा वापरकर्त्यांची संख्या ३.३ कोटींहून अधिक असल्याचे सांगण्यात आले. नंतर नव्या सेवाशर्तींवरून वाद झाला आणि खुल्या हार्डवेअरच्या समर्थकांनी जाहीर टीका केली. क्वालकॉमला बोर्डाच्या विक्रीतला नफा हवा असेल असे मानणे भाबडेपणाचे आहे. उद्याचा अभियंता पहिला प्रयोग कोणाच्या चिपवर करतो, याची ती किंमत आहे. कोट्यवधी लोक वापरतात ते साधन स्वतःच्या पायावर उभे राहण्यापेक्षा चिप कंपनीच्या पंखाखाली गेले, ही वस्तुस्थिती या साऱ्या अर्थकारणाबद्दल बरेच सांगते.

मग नफा कोण कमावते?

बहुतेक वेळा आराखडा करणारा नव्हे, दुकानदार. यात टीकेचा सूर नाही, ते खरोखर कष्टाचे काम आहे. अमेरिकेतील अॅडाफ्रूट आणि स्पार्कफन या दोन कंपन्या स्वतःचे आराखडे खुले ठेवूनही टिकल्या, कारण त्या मुळात दुकाने आहेत. माल साठवणे, तपासून पाठवणे, प्रत्येक वस्तूसोबत नवख्यालाही समजेल असा धडा लिहिणे, हे त्यांचे काम. लिमॉर फ्रीड यांनी २००५ मध्ये सुरू केलेली अॅडाफ्रूट तर बाहेरच्या भांडवलाशिवाय वाढली. ग्राहक बोर्डासाठी नव्हे, तो चालेल या खात्रीसाठी थोडे जास्त देतो.

महाराष्ट्रातले जवळचे उदाहरण पुण्याच्या मॅकफॉसचे. ‘रोबू डॉट इन’ या संकेतस्थळावरून ही कंपनी बोर्ड, सेन्सर, मोटारी आणि ड्रोनचे भाग विकते. २०२३ मध्ये तिने बीएसईच्या एसएमई बाजारात सुमारे २४ कोटींची भागविक्री केली. तिच्याकडचा सगळा माल खुल्या आराखड्याचा नाही, पण विद्यार्थी आणि हौशी लोकांची जी मागणी तिने ओळखली ती आर्डुइनोसारख्या खुल्या बोर्डांनी तयार केलेली आहे. गंगापूर रोडवरच्या वसतिगृहात रात्री मागवलेला सेन्सर दोन दिवसांत येतो आणि पैसा पुण्यात राहतो. मूळ आराखडा करणाऱ्याला त्यातले काहीही जात नाही.

खुलेपणाने नुकसानही होते का?

होते, आणि त्याची ठळक उदाहरणे थ्रीडी प्रिंटरच्या धंद्यात सापडतात. ब्रिटनच्या बाथ विद्यापीठात एड्रियन बॉयर यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या ‘रेपरॅप’ या खुल्या प्रकल्पातून घरगुती थ्रीडी प्रिंटर जन्माला आले. त्यातून वाढलेल्या मेकरबॉटने २०१२ मध्ये आपला नवा प्रिंटर बंद आराखड्याचा केला आणि २०१३ मध्ये कंपनी स्ट्रॅटसिसला सुमारे ४० कोटी डॉलरना विकली गेली. ज्यांनी फुकट सुधारणा सुचवल्या होत्या त्यांना हा विश्वासघात वाटला.

प्राग येथील योसेफ प्रुसा यांची कंपनी मात्र खुल्या आराखड्यावर वाढली. नकला होऊनही ग्राहक मूळ यंत्र घेत राहिले. पण २०२३ मध्ये प्रुसा यांनीच जाहीर लिहिले की एकतर्फी खुलेपणा आता परवडत नाही. स्पर्धक आराखडे उचलतात, स्वतःचे बदल परत देत नाहीत आणि उलट त्यांवर पेटंटचे अर्ज करतात, ही त्यांची तक्रार. २०२५ मध्ये त्यांचा सूर आणखी निराश झाला. नव्या यंत्रांचे सगळे भाग त्यांची कंपनी आता पूर्वीसारखे लगेच खुले करत नाही. जाहीर आराखड्यावर पेटंट मिळू नये हे खरे, पण चुकून मिळालेच तर ते रद्द करून घ्यायला लागणारा वकिलाचा खर्च पेटंट अर्जापेक्षा कितीतरी मोठा असतो. युरोपातील जम बसलेल्या कंपनीला हा खर्च जड जात असेल, तर नाशिकच्या दोन मित्रांनी काढलेल्या फर्मचे काय होईल, हे वेगळे सांगायला नको.

देणग्या आणि अनुदाने किती उपयोगी?

परदेशात पहिला मार्ग लोकवर्गणीचा. किकस्टार्टरवर वस्तू बनण्याआधी ग्राहक पैसे भरतात. भारतात राहणाऱ्याला तेथे थेट मोहीम काढता येत नाही. त्यासाठी अमेरिकेत वा अन्यत्र कंपनी नोंदवावी लागते. भारतीय मंचांवर प्रामुख्याने उपचार आणि मदतकार्यासाठी देणग्या गोळा होतात. हौशी लोकांनी दरमहा थोडी वर्गणी देण्याची पद्धतही रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२१ च्या कार्डविषयक नियमांनंतर भारतीय देणगीदारांसाठी कटकटीची झाली. परदेशी देणगी संस्थेच्या नावाने घ्यायची तर एफसीआरए नोंदणी लागते आणि त्यासाठी संस्था तीन वर्षे जुनी असून तिने त्या काळात किमान १५ लाख रुपये कामावर खर्च केलेले असावे लागतात. नव्या गटाला ते जमण्यासारखे नाही.

सरकारी योजना आहेत. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या ‘निधी-प्रयास’मधून नमुना बनवायला १० लाखांपर्यंत मिळतात. २०२१ च्या स्टार्टअप इंडिया सीड फंडातून नमुन्यासाठी २० लाखांपर्यंत अनुदान आणि बाजारात उतरण्यासाठी ५० लाखांपर्यंत कर्जरूपाने रक्कम मिळू शकते. या योजनांनी अनेक मुलांना पहिला नमुना करता आला, हे मान्य करायला हवे. पण त्या पहिल्या नगाचा खर्च देतात. दुसऱ्यापासून दोनशेव्यापर्यंतचा प्रवास, प्रमाणपत्रे आणि तीन वर्षांनंतरची दुरुस्ती यांसाठी त्यात जागा नाही. अर्ज तपासणाऱ्यांचा ‘पेटंट आहे का’ हा प्रश्न ठरलेला. ‘आराखडा सर्वांना दिला आहे’ हे उत्तर तेथे गुण मिळवून देत नाही.

नेदरलँड्समधील एनएलनेट ही संस्था युरोपीय निधीतून खुल्या प्रकल्पांना साधारण ५ हजार ते ५० हजार युरो देते आणि त्यात हार्डवेअरही येते. भारतात झिरोदाने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केलेला वर्षाला दहा लाख डॉलरचा ‘फ्लॉस फंड’ स्वागतार्ह आहे, पण त्याचा भर सॉफ्टवेअरवर. केंद्र सरकारचे २०१५ चे ओपन सोर्स धोरणही सॉफ्टवेअरपुरतेच आहे.

महाराष्ट्रात कोणी टिकून दाखवले का?

शिरूर तालुक्यातील पाबळचा विज्ञान आश्रम हे याचे जुने उत्तर. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तो सुरू केला. एमआयटीबाहेरच्या पहिल्या ‘फॅब लॅब’पैकी एक २००२ मध्ये तेथे उभी राहिली. लेझर कटर आणि संगणकावर चालणारी यंत्रे खेड्यातल्या शाळा सोडलेल्या मुलांच्या हाती आली. आश्रमाचे मॉडेल उपकरण विकून श्रीमंत होण्याचे नाही. शिक्षण हा गाभा, त्याला सरकारी विभागांचे व कंपन्यांचे सामाजिक निधी आणि मुलांनी गावासाठी केलेल्या कामांतून येणारे उत्पन्न. तेथे उपकरण हा शिक्षणाचा उपफल असतो, म्हणून एखादे उपकरण चालले नाही तरी संस्था बुडत नाही.

दुसरे उदाहरण करोनाकाळातले. वैभव छाब्रा यांनी २०१३ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या मेकर्स असायलमने मार्च २०२० मध्ये चेहऱ्यावर लावायच्या शील्डचा आराखडा खुला केला. ४२ शहरे, गावे आणि खेड्यांतील कार्यशाळांनी तो उचलला आणि ४९ दिवसांत दहा लाख शील्ड तयार झाले. कोणा एका कारखान्याला टाळेबंदीत हे जमले नसते. वाहतूक बंद होती, पण फाइल पाठवायला वाहतूक लागत नव्हती. मात्र येथे मागणी अचानक आली, पैसे देणारे रुग्णालय आणि देणगीदार समोर उभे होते आणि वस्तू साधी होती. पुढच्या वर्षी याच गटाने ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचा खुला आराखडा करायला घेतला, तेव्हा प्रश्न कितीतरी अवघड होता. प्लास्टिकची शील्ड सदोष निघाली तर फेकून देता येते. रुग्णाच्या नाकाशी जाणाऱ्या यंत्राला चाचण्या, जबाबदारी आणि दुरुस्तीची साखळी लागते. साथ ओसरली की तो खर्च करणारेही पांगतात.

गंगापूर रोडवर काय चालू शकेल?

शिकवणे हा सर्वांत खात्रीचा मार्ग. अटल टिंकरिंग लॅबसाठी शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान मिळत आले आहे आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी ५० हजार लॅबची घोषणा झाली. शाळांकडे संच येतात, ते मराठीतून शिकवणारे कमी पडतात. क्लासच्या फीवर चालणाऱ्या या रस्त्याला हे गणित समजावून सांगावे लागणार नाही.

दुसरा मार्ग सेवेचा. रस्ता जसा शहराबाहेर पडतो तशा द्राक्षबागा सुरू होतात. गोड्या छाटणीनंतर पाऊस झाला की डाऊनीची धास्ती असते आणि पान किती तास ओले राहिले यावर फवारणीचा निर्णय ठरतो. बागायतदार बोर्डासाठी अडीच हजार द्यायला कुरकुर करेल. पण ‘आज फवारणी नको’ हे खात्रीने कळले आणि औषधाचा एक हात वाचला, तर हंगामाची वर्गणी तो देईल. यात बोर्डाचा आराखडा खुला राहिला तरी बिघडत नाही. कमाई बागेतल्या नोंदींच्या विश्वासार्हतेत आणि बिघाड झाल्यावर दुसऱ्या दिवशी बांधावर हजर होणाऱ्या माणसात आहे. शेन्झेनमधल्या नक्कल करणाऱ्याला ते जमणार नाही.

तिसरा मार्ग सरकारी खरेदीचा, आणि सिंहस्थामुळे तो या घडीला सर्वांत महत्त्वाचा. राज्याच्या स्टार्टअप सप्ताहातील विजेत्यांना अनुदानाऐवजी १५ लाखांपर्यंतचे कार्यादेश देण्याची पद्धत महाराष्ट्राने २०१८ पासून रुजवली. खुल्या उपकरणाला नेमके हेच हवे, म्हणजे बक्षिसाऐवजी गिऱ्हाईक. नोंदणीकृत स्टार्टअपना अनामत रक्कम, उलाढाल आणि अनुभवाच्या अटींतून सवलत आहे. सातपूर आणि अंबडमध्ये विद्युत उपकरणांचे कारखाने आहेत. आराखडा खुला असला तर महापालिकेला किंवा पोलिसांना एकाच पुरवठादाराच्या दयेवर राहावे लागत नाही. एकाने हात वर केले तर दुसरा तेच उपकरण बनवू शकतो. निविदेत ‘सर्किट आकृती, पीसीबी फायली आणि कोड खरेदीदाराकडे खुल्या परवान्यासह द्यावा’ एवढी ओळ टाकली, तर त्या खरेदीतून डिझाइनच्या श्रमाचा मोबदलाही निघतो. उपकरण पुढे वारीला किंवा पुढच्या कुंभाला वापरायचे, तर ते काम पुन्हा शून्यापासून करावे लागत नाही.

अडचण एवढीच की निविदा लिहिणारा सहसा बाजारात असलेल्या उपकरणाचे माहितीपत्रक समोर ठेवून अटी लिहितो आणि खुल्या उपकरणाला माहितीपत्रक छापणारा विक्रेता नसतो. शिवाय आकडा कळणे पुरेसे नाही. प्रयागराजला २०२५ मध्ये गर्दीवर नजर ठेवणारे कृत्रिम बुद्धिमत्तेचे कॅमेरे होते, तरी २९ जानेवारीच्या चेंगराचेंगरीत अधिकृत आकड्यानुसार ३० जणांचा मृत्यू झाला. चटई असो वा कॅमेरा, मिळालेल्या आकड्यावर कोणी, किती मिनिटांत कोणता रस्ता बंद करायचा हे आधी ठरलेले असावे लागते आणि त्याचा सराव यंत्रासोबतच व्हावा लागतो.

त्या सरावाला वेळ फार नाही. नाशिकचे पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ रोजी, दुसरे ३१ ऑगस्टला आणि तिसरे ११ सप्टेंबरला आहे. तिन्ही पावसाळ्यात. पायाखाली अंथरायचे कोणतेही उपकरण चिखलात, ओल्या कपड्यांतून ठिबकणाऱ्या पाण्यात आणि लाखो अनवाणी पावलांखाली तपासायचे, त्यातले दोष काढायचे आणि मग मोठ्या संख्येने बनवायचे, तर त्याच्या हाती मेळ्याआधीचा पूर्ण पावसाळा एकच आहे, २०२६ चा.